मोटार, मुहूर्त आणि सूट

दिवाळीच्या अगोदर महिनाभर घरात जे छापील कागद येऊन पडतात, त्यांत आताशा एका नव्या कागदाची भर पडली आहे. फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या भगिनींची पत्रके येतात, साड्यांच्या दुकानांची येतात, आणि त्यांच्या जोडीने मोटारी विकणाऱ्यांचीही येतात. पहिली दोन गृहिणी वाचते आणि फडताळात डब्याखाली अंथरते. मोटारीचे पत्रक मात्र डब्याखाली जात नाही. ते आधी मुलांच्या हाती पडते, आणि जिला काल सतराचा पाढा येत नव्हता ती सहावीतली कन्या दुसऱ्या दिवशी "बाबा, एक्स्चेंज बोनस म्हणजे काय हो?" असे विचारू लागते.

असे पत्रक मुंबई-पुण्यास यावे यात नवल नाही. पण ते आमच्या परभणीस यावे याचे मला अजून कौतुक वाटते. 'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' असे आम्ही मंडळी छाती फुगवून सांगतो; आणि मन उदास असले म्हणजे 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हेही आम्हीच म्हणतो. या दोन म्हणींच्या मधल्या अंतरात आमचे सारे आयुष्य जाते. आता त्या अंतरात मोटारींच्या दुकानांच्या काचा चमकू लागल्या आहेत आणि 'एमएच २२' अशा पाटीच्या नव्याकोऱ्या गाड्या जिंतूर रस्त्याने, गंगाखेड रस्त्याने धावताना दिसतात.

पत्रक कोणत्या दुकानाचे, हे सांगण्याचे कारण नाही. सगळ्यांची पत्रके सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. त्यांना दोन बाजू असतात. पुढल्या बाजूस सवलती आणि मागल्या बाजूस ग्राहकांच्या वार्ता.

पुढल्या बाजूवर रोख सूट असते, जुन्या गाडीच्या बदल्यात जादा रक्कम असते, चांदीचे नाणे असते, शासकीय कर्मचारी आणि प्राध्यापक यांच्यासाठी खास सवलत असते. ज्ञानाचा एवढा गौरव विद्यापीठातही होत नाही! अर्थात हा गौरव ज्ञानाचा नसून एक तारखेच्या पगाराचा आहे, हे न कळण्याइतका कोणताही प्राध्यापक भोळा नसतो. ज्याचा पगार ठरल्या दिवशी बँकेत पडतो, त्याचा हप्ताही ठरल्या दिवशी बँकेतून निघतो. या सर्व सवलतींच्या डोक्यावर मोहरीएवढी एक चांदणी काढलेली असते. ती पानाच्या तळाशी उतरते आणि तेथे 'अटी लागू' असे हळूच सांगते. मराठी कवितेत चांदणीने आजवर पुष्कळ कामे केली. इतके व्यवहारी काम तिच्याकडे प्रथमच आले असावे.

मागल्या बाजूचे नाव 'आपला ग्राहक परिवार'. तेथे नवी गाडी नेणाऱ्या दांपत्याचे छायाचित्र असते. दोघांच्या हातात मिळून टेबलाएवढी पुठ्ठ्याची किल्ली. कोणाच्या चिरंजीवांना दहावीत नव्वद टक्के मिळाल्याचे अभिनंदन असते. रक्तदान शिबिर, मोफत तपासणी शिबिर, स्त्रियांसाठी गाडी चालवण्याचे वर्ग, अशा वार्ता असतात.

भाषेचा मास्तर असल्यामुळे माझी नजर शब्दांवर आधी जाते. पूर्वी दुकानदार आपल्याला 'गिऱ्हाईक' म्हणत असे. त्या शब्दाला थोडा वास होता. कारण एखाद्याची चारचौघांत टर उडवणे यालाही आपण 'गिऱ्हाईक करणे' असेच म्हणतो. मग गिऱ्हाइकाचा 'ग्राहक' झाला, ग्राहकाचा 'ग्राहक राजा' झाला, आणि आता तो 'परिवारातला' झाला आहे. गाडी ताब्यात घेण्याला तर 'डिलिव्हरी' म्हणतात, आणि मराठी घरात हा शब्द आजवर सुइणीच्या आणि डॉक्टरच्या खात्यात होता. त्यामुळे "काल डिलिव्हरी झाली, पेढे घ्या" असे कोणी म्हणाले, म्हणजे मुलगा की मुलगी हे विचारण्याआधी पेट्रोल की डिझेल हे विचारून घ्यावे लागते. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, नारळ, हार आणि छायाचित्र असा सगळा सोहळा बारशाच्या थाटात होतो. त्यात वाईट काहीच नाही. ज्या घरात तीन पिढ्यांनी एस. टी.च्या थांब्यावर उभे राहून आयुष्य काढले, त्या घरात मोटार येणे हा सोहळा आहेच.

पण ही सूट, ही मनधरणी, हे फार जुने नव्हे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे आपली फियाट निघाली. तिला आणि कलकत्त्याकडच्या अँबॅसडरला कधी सवलत जाहीर करावी लागली नाही. पैसे भरावेत आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, हा रिवाज होता. बजाजच्या स्कूटरचेही तेच. नोंदणीची पावती लोक कपाटात दागिन्यांशेजारी ठेवत, आणि जावयाला स्कूटर कबूल करणारा सासरा मुलगी शाळेत असतानाच नंबर लावून ठेवी, असा विनोद त्या काळी सर्रास होता. १९८३ मध्ये मारुतीसाठी दहा हजार रुपये अनामत घेऊन नोंदणी सुरू झाली, तेव्हा लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरले. त्या वर्षी १४ डिसेंबरला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. किंमत पन्नास हजारांच्या आत होती. त्या काळी गिऱ्हाईक दुकानदाराच्या दारात उभे असे. १९९३ मध्ये मोटारनिर्मितीवरचे परवान्याचे बंधन उठले, कारखाने वाढले, गाड्या वाढल्या, आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या दारात आला. सवलतीचे पत्रक हे त्या उलटापालटीचे फळ आहे. म्हणून त्याला नावे ठेवताना आपण कोठून आलो तेही आठवावे.

आता मुहूर्ताकडे येऊ. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, विजयादशमी हे तीन पूर्ण आणि बलिप्रतिपदा हा अर्धा, असे साडेतीन मुहूर्त आपल्याकडे मानतात. त्यांतला दीड मुहूर्त एकट्या दसरा-दिवाळीत येतो. खंडेनवमीला तर हत्यारांची, अवजारांची, वाहनांची पूजाच असते. पण दसरा हा खरेदीचा सण का झाला, याला पंचांगाबाहेरचे एक कारण आहे. आमच्या भागात मृगावर पेरलेले खरीप दसऱ्याच्या सुमारास हाती येऊ लागते. मूग-उडीद घरात आलेले असतात, सोयाबीनची काढणी चालू असते, कापसाची पहिली वेचणी तोंडावर असते. मोंढ्यात माल येतो, मालाचे पैसे येतात, आणि त्या पैशांतून सराफापासून कापडवाल्यापर्यंत सर्वांचा दसरा होतो. आधी सुगी, मग मुहूर्त, मग खरेदी, असा तो क्रम आहे. आमच्या प्राध्यापकांचा पगार पावसावर अवलंबून नसतो हे खरे. पण ज्या गावात आम्ही राहतो त्या गावाचा बाजार पावसावरच चालतो.

कर्जाने हा क्रम मोडला. आता खरेदीला सुगी लागत नाही, मुहूर्त आणि सही पुरते. २०२५ च्या दसऱ्याला हे फार स्पष्ट दिसले. त्या वर्षी १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी कर कमी होणार असे सूचित केले. ३ सप्टेंबरला जी. एस. टी. परिषदेने दर ठरवले आणि २२ सप्टेंबर ही तारीख दिली. मध्ये गणपती झाले, पितृपंधरवडा झाला. पितृपंधरवड्यात एरवी दुकानदार माशा मारत बसतो. त्या वर्षी गिऱ्हाइकांनी पितरांच्या आणि कराच्या अशा दुहेरी कारणाने हात आखडता घेतला होता. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती. त्याच दिवशी नवे दर लागू झाले, आणि कर उतरल्याच्या आनंदात दुकाने गजबजली.

आणि त्याच आठवड्यात मराठवाड्यात पाऊस कोसळत होता. महिनाअखेरीस जायकवाडीतून गोदावरीत लाखांच्या घरात क्युसेक पाणी सुटले. पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा हे आमचे गोदाकाठचे तालुके. तेथे काढणीला आलेले सोयाबीन शेतातच राहिले. राज्य सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली, यावरून आपत्ती केवढी होती ते समजावे. त्या दिवसांत वर्तमानपत्र उघडले की एका पानावर छातीएवढ्या पाण्यातून जनावरे बाहेर काढणारी माणसे दिसत, आणि पान उलटले की अख्ख्या पानावर हार घातलेली मोटार. गोदाकाठी शेती करणारे आमचे चुलतबंधू अण्णा त्या सुमारास घरी आले होते. कन्येने त्यांनाही ते पान दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "गाडी झ्याक हाय पोरी. पर औंदा दसऱ्याला घरात मापटंभर सोयाबीन न्हाई, तिथं सोन्याचं काय अन् गाडीचं काय!" त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. पण त्या दिवसापासून पत्रकातल्या तारखांकडे मी सणाच्या तारखा म्हणून पाहत नाही. दसरा सर्वांचा एका दिवशी असतो; सुगी सर्वांची एका दिवशी नसते.

मग त्या सवलती खोट्या समजायच्या काय? तसे नाही. फक्त त्यांचा हिशेब आपण करावा, पत्रकावर सोपवू नये. जी पेट्रोलची मोटार चार मीटरच्या आत लांब आणि १२०० सी. सी.च्या आत इंजिनाची, तिच्यावर पूर्वी २८ टक्के कर आणि १ टक्का उपकर होता; तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. 'अकरा टक्क्यांची घट' असे सगळे म्हणू लागले. पण करापूर्वी पाच लाखांची गाडी घेतली, तर ती पूर्वी ६ लाख ४५ हजारांना पडे, नव्या दराने ५ लाख ९० हजारांना. वाचले ५५ हजार, म्हणजे जुन्या किमतीच्या सुमारे साडेआठ टक्के. रक्कम लहान नाही. परंतु अकरा टक्केही नाही.

आता दुसरे गणित. समजा, सहा लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने घेतले. पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे १२,४५५ रुपये येतो. सात वर्षांत फेडायचे तर सुमारे ९,६५३. पत्रकावर अर्थातच दुसरा आकडा ठळक असतो, आणि तो वाचून घरातले सर्वजण "एवढंच ना?" असे म्हणतात. पण पाच वर्षांत एकूण व्याज १ लाख ४७ हजारांच्या आसपास जाते आणि सात वर्षांत २ लाख ११ हजारांच्या आसपास. फरक साडेत्रेसष्ट हजारांचा. सरकारने कर उतरवून दिलेले ५५ हजार आपण मुदतीची दोन वर्षे वाढवून बँकेला परत केले, वर आठ-साडेआठ हजार आपल्या पदरचे घातले! हे गणित सहावीतल्या मुलीकडून करवून घ्यावे. सतराच्या पाढ्यापेक्षा ते तिच्या आयुष्यात अधिक उपयोगी पडेल.

आणखी थोड्या गोष्टी विचारून घ्याव्यात. शोरूमची किंमत निराळी आणि रस्त्यावर येईपर्यंतची निराळी. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के वाहनकर लागतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा त्रयस्थ पक्षाचा विमा एकदम घ्यावा लागतो. पण तो दुकानातूनच घ्यावा असे बंधन नाही, बाहेर दर विचारण्यास मोकळीक आहे. डिसेंबरात सूट वाढते ती नाताळच्या आनंदाने नव्हे. जानेवारी उजाडताच ती गाडी 'गेल्या वर्षाची' होते म्हणून. नोंदणीपत्रावर गाडी तयार झाल्याचा महिना आणि वर्ष असते, आणि पुढे ती विकताना घेणारा तेच आधी पाहतो. दहा वर्षे गाडी वापरणाऱ्याने ती सूट खुशाल घ्यावी. तीन वर्षांत बदलणाऱ्याने दोनदा विचार करावा.

सवलतीचे गणित केवळ आपल्या घरापुरते नसते, याचा दाखला आमच्या मराठवाड्यातच आहे. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा सुमारे पासष्ट कोटींचा होता. घाऊक खरेदीची सूट मिळाली, आणि स्टेट बँकेने सुमारे सात टक्के व्याजाने कर्जही दिले. मागासलेला म्हणून ज्याची कीव केली जाते, त्या मराठवाड्यात जर्मनीच्या दीडशे मोटारी एका वेळी याव्यात याचा आम्हाला अभिमान वाटला. ती सर्व मंडळी आपल्या कष्टाने वर आलेली होती, त्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. पण त्याच वर्षाच्या अखेरीस पत्रकार पी. साईनाथ यांनी दुसरी बाजू लिहिली. याच भागातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी कर्ज काढताना याहून कितीतरी चढ्या दराने व्याज भरावे लागत होते. मिरवायच्या वाहनाला सूट आणि नांगरायच्या वाहनाला भार! आमचे अण्णा ट्रॅक्टरवालेच. त्यांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आपल्याला कुनी परिवारात घेतलं न्हाई म्हून."

या वाक्यामुळे मला पत्रकाची मागली बाजू पुढल्या बाजूपेक्षा महत्त्वाची वाटू लागली. परिवार हा शब्द वापरलाच आहे, तर तो निभवावा. परिवारात केवळ नव्या सुनेचे कौतुक नसते. म्हाताऱ्यांची विचारपूसही असते. मोटारीच्या दुकानदाराने ग्राहकांच्या वार्ता जरूर छापाव्यात, पण त्यांत उपयोगाचे काही असावे. अतिवृष्टीच्या त्या दिवसांत सर्वांत मोलाची ठरली असती ती एक ओळ: 'गाडीत पाणी शिरले असेल तर ती सुरू करून पाहू नका.' इंजिनाच्या नळकांड्यात हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. किल्ली फिरवली की आतला दांडा वाकतो, आणि जे काम साफसफाईवर भागले असते ते इंजिन उघडण्यावर जाते. नेहमीच्या विम्यात असे नुकसान बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिनाचे निराळे संरक्षण घ्यावे लागते. बॅटरीची तार सोडवावी, गाडी ओढून न्यावी, विमा कंपनीला छायाचित्रे पाठवावीत. एवढे छापायला पानाचा चतकोर पुरतो, आणि त्याने एखाद्या कुटुंबाचे लाखभर रुपये वाचतात. चांदीच्या नाण्यापेक्षा ही भेट मोठी नाही काय?

दिवाळी अंकात गोड लिहावे असा संकेत आहे, म्हणून वाचकांपुढे माझी एक गोड सूचना ठेवतो. ज्यांना गाडीची गरज आहे त्यांनी ती अवश्य घ्यावी. आईवडिलांना नांदेडच्या किंवा संभाजीनगरच्या दवाखान्यात न्यायचे असते, लेकीबाळींना रात्री-अपरात्री सुखरूप घरी आणायचे असते. मोटार ही आता चैन राहिलेली नाही. फक्त गरज आधी ठरवावी, हप्ता नंतर, आणि सूट सर्वांत शेवटी पाहावी. पत्रक उलट्या क्रमाने वाचायला लावते, म्हणून आपण सुलट क्रमाने वाचावे.

आणि कर्ज फिटले की काम संपले असे समजू नये. नोंदणीपत्रावर बँकेचे नाव चढलेले असते. ते आपोआप उतरत नाही. बँकेकडून ना-हरकत पत्र घ्यावे, फॉर्म ३५ भरून आर. टी. ओ. कार्यालयात द्यावा आणि बोजा उतरवून घ्यावा. पुष्कळ लोक हे विसरतात आणि गाडी विकायच्या वेळी धावपळ करतात. ज्या दिवशी ते कोरे नोंदणीपत्र हाती येते, त्या दिवशी गाडी खरोखर आपली होते. रंग थोडा उडालेला असेल, दारावर मुलांच्या सायकलचा ओरखडा असेल, मागल्या आसनावर जुन्या शेवचिवड्याचे कण असतील. त्या गाडीसमोर कोणी पुठ्ठ्याची किल्ली धरून छायाचित्र काढत नाही. पण पंचांगात नसलेला तो चौथा पूर्ण मुहूर्त आहे. पेढे वाटायचेच असतील, तर त्या दिवशी वाटावेत.